कर्नल हेडर्सचा प्रश्न खरोखर मिटला आहे का?

लिनक्सवरील ट्रेसिंगविषयी, म्हणजे चालू यंत्रणेच्या आत काय घडते ते नोंदवून पाहण्याविषयी, एक दावा वारंवार केला जातो. बीटीएफ (कर्नलमधील रचनांची कर्नलसोबतच मिळणारी माहिती) आणि कोअर (त्या माहितीच्या आधारे कंपाइल झालेले टूल वेगळ्या कर्नलशी जुळवणे) ही तंत्रे आल्यापासून कर्नल हेडर्सचा, म्हणजे कर्नलच्या रचना व स्थिरांक सांगणाऱ्या फाइलींचा, प्रश्न मिटला, ईबीपीएफ टूल (कर्नलच्या आत छोटा प्रोग्राम चालवून माहिती गोळा करणारे) एकदा कंपाइल केले की ते कोणत्याही कर्नलवर चालते, आणि कुठे फरक असलाच तर कर्नलचा आवृत्ती क्रमांक तपासला की पुरते, असे त्याचे स्वरूप आहे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, दुसरे दिशाभूल करणारे आहे आणि तिसरे मला सर्वांत धोकादायक वाटते.

बीसीसी या ईबीपीएफ संचातील जुनी टूल्स चालवण्याच्या वेळी त्याच यंत्रावर कंपाइल होत, त्यामुळे चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारे हेडर्सचे पॅकेज तिथे लागत असे. बीटीएफने हे ओझे उतरवले, हे निर्विवाद आहे. मात्र बीटीएफमध्ये टाइपची माहिती असते, मॅक्रो, म्हणजे नाव दिलेले स्थिरांक, नसतात. ते आजही हेडरमधून हाताने उतरवून घ्यावे लागतात.

कोअर हे तंत्र फील्डची बदललेली जागा शोधून देते, बदललेले नाव नाही. कर्नलच्या ५.१४ आवृत्तीत टास्क-स्ट्रक्ट या प्रोसेसची माहिती ठेवणाऱ्या रचनेतील ‘स्टेट’ या फील्डच्या नावापुढे दोन अंडरस्कोअर आले आणि त्याचा टाइपही बदलला, ५.१७ मध्ये रिक्वेस्ट-स्ट्रक्टमधून (डिस्कवरील एका वाचन-लेखनाच्या मागणीची रचना) डिस्कचा पॉइंटर काढून टाकला गेला व डिस्कपर्यंत क्यूमार्फत, म्हणजे मागण्यांच्या रांगेमार्फत, जावे लागू लागले. दोन्ही वेळा टूल सांभाळणाऱ्यांनी दोन्ही रचनांसाठी कोड लिहिला, तेव्हाच ती चालू राहिली.

आता आवृत्ती क्रमांकाविषयी. डिस्कचे काम पाहणाऱ्या ब्लॉक थरातील ‘रिक्वेस्ट इश्यू’ या ट्रेसपॉइंटला (कर्नलमध्ये नोंदीसाठी मुद्दाम ठेवलेली जागा) पूर्वी आधी क्यू आणि मग रिक्वेस्ट असे दोन आर्ग्युमेंट मिळत, ५.११ मध्ये क्यू वगळली गेली. ‘५.११ पासून पुढे एकच आर्ग्युमेंट’ अशी तपासणी त्यामुळे पुरेशी वाटते, पण हाच बदल मागाहून ५.१० च्या स्थिर शाखेतही आणला गेला. रेड हॅटच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतील कर्नल तर स्वतःला ४.१८ म्हणवतो आणि त्यात पुढच्या आवृत्त्यांतील ईबीपीएफचे बरेच काम आणलेले असते. इथला अंदाज चुकला आणि क्यूचाच पत्ता रिक्वेस्ट म्हणून नोंदला गेला, तर ती रिक्वेस्ट पूर्ण होताना नोंद जुळत नाही आणि विलंब मोजणारे टूल, कोणतीही त्रुटी न दाखवता, रिकामा आलेख छापते. तो पाहणारा माणूस डिस्क निवांत आहे असे समजून भलतीकडेच शोध सुरू करतो. म्हणून आवृत्तीला न विचारता त्या यंत्रावरील बीटीएफलाच विचारावे : हे फील्ड आहे का, या ट्रेसपॉइंटला किती आर्ग्युमेंट आहेत?

कर्नलच्या एखाद्या फंक्शनवर केप्रोब, म्हणजे ते चालताच नोंद घेणारा सापळा, लावणाऱ्या टूलला मात्र हाही उपाय अपुरा पडतो, कारण कंपायलरने ते फंक्शन इनलाइन केले, म्हणजे बोलावणाऱ्या कोडमध्येच मिसळून टाकले, की पकडायला जागाच उरत नाही. ब्लॉक थरातील हिशेब ठेवणाऱ्या फंक्शनांबाबत नेमके हेच घडले, आणि अखेर ६.५ मध्ये त्या ठिकाणी स्वतंत्र ट्रेसपॉइंट द्यावे लागले.