पुरळ उठलं म्हणजे ताप ‘निघाला’ असं नाही

पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलवर कुणी ना कुणी एकच मेसेज दाखवतं: ‘तापानंतर लेकराच्या अंगावर पुरळ उठलं तर घाबरू नका. अंगातली उष्णता बाहेर पडली. औषध दिलं तर पुरळ आत दबतं. आंघोळ घालू नका, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवा, घराबाहेर काढू नका.’ परवा सेलूकडची एक आजी नातवाला गोधडीत गुंडाळूनच घेऊन आली.

‘उष्णता बाहेर पडली.’ कधीकधी असं दिसतं खरं, म्हणून तर मेसेज चालतो. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला तीन-चार दिवस सणकून ताप येतो, एकाएकी उतरतो, छाती-पोटावर गुलाबी पुरळ उठतं आणि बाळ खेळायला लागतं. हा रोझिओला, आपोआप जातो. गोवराचं उलटं आहे. आधी ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून पुरळ सुरू होतं आणि ताप आणखी चढतो. डेंग्यूत तर ताप उतरतो तीच वेळ धोक्याची. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, त्यामुळं रांजण-बॅरल भरून ठेवावेच लागतात, आणि डेंग्यूचा डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, लेकरू मलूल आहे, तर अंग गार लागतंय म्हणून घरी बसू नका.

आजीच्या नातवाच्या पोटरीवर मी काचेचा ग्लास दाबून पाहिला. ठिपके फिके पडले. दाबूनही लाल-जांभळे राहिले असते तर ते कातडीखालचं रक्त. मग सकाळची वाट पाहायची नाही. फिके पडले तरी डॉक्टरकडं धाडलंच.

‘औषधानं आत दबतं.’ पॅरासिटामॉल ताप उतरवतं, पुरळाला हातही लावत नाही. गोवरात तर डॉक्टर लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ देतात, डोळे वाचावेत म्हणून. मात्र डेंग्यूची शंका असताना मनानं ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढतो. (माझाच धंदा, तरी सांगतोय.)

आंघोळीचं काय? कोमट पाण्यानं खुशाल घाला. आजी म्हणाली, “भाऊ, वारं लागंल की.” गोधडीनं ताप अडकतो, म्हटलं. पाला उशाला ठेवा, माझी हरकत नाही. रस डोळ्यांत नको.

‘घराबाहेर काढू नका’ हे अर्धं बरोबर. गोवर पुरळाआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस पसरतो, म्हणून शाळा-अंगणवाडी बंद. दवाखाना नव्हे.

काहीजण अजून ‘देवी आली’ म्हणतात. भारतातला देवीच्या रोगाचा (स्मॉलपॉक्सचा) शेवटचा रुग्ण १९७५ सालचा.

नातवाचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं. गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्याचा डोस झालेला, सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना कोरा. तेव्हा घरचे ऊसतोडीला गेले होते. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत उपकेंद्रात फुकट मिळतो.