पॅशन वापरायची रीत

सोलापुरात नोकरी शोधायची किंवा धंदा काढायचा, तर आधी पॅशन जवळ ठेवा. दोनचाकी नव्हे, तिला पेट्रोल तरी लागतं. हिला काहीच लागत नाही.

बायोडाटात ती पहिल्याच ओळीत, 'ऑब्जेक्टिव्ह'च्या खाली टाकायची. नुसती 'पॅशन' असेल तर पुढे 'फॉर', 'पॅशनेट' असेल तर 'अबाउट', आणि मग नाम किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद. एवढंच व्याकरण. 'आय ॲम पॅशन' लिहिलंत तर भावना राहिली बाजूला, तुम्हीच भावना झालात. 'पॅशनेट विथ कस्टमर्स' अजिबात नको. इंग्रजीत हे विशेषण चुंबनालाही लागतं आणि 'विथ' दिसलं की वाचणाऱ्याचं मन तिकडंच पळतं. स्पेलिंगमध्ये एस दोन. उच्चारात जोर 'पॅ'वर. घाईत 'फॅशन' निघालं तर समोरचे तुमच्या शर्टाकडे बघतात.

खरा घोटाळा होतो डीटीपीवाल्याकडे. त्याच्याकडे कुणाची तरी जुनी फाइल असते. तो नाव आणि मोबाइल नंबर बदलतो, पॅशन तशीच राहते. मग बी.कॉम. झालेला मुलगा 'रोटेटिंग मशीन्स'बद्दल पॅशनेट निघतो. तेव्हा प्रिंट काढण्याआधी आपल्याला नेमकं कशाचं वेड आहे, एवढं तरी वाचून घ्या. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्यासाठी आजवर काय केलंत?" लहानपणापासून आवड आहे, हे उत्तर तिथं चालत नाही. म्हणून पॅशन अशी निवडावी की पुरावा मागता येऊ नये. 'लर्निंग' चांगली. 'एक्सलन्स' त्याहून चांगली. 'तबला' लिहिलात तर टेबल वाजवायला लावतील.

धंदेवाल्यांचं काम सोपं. शेंगाचटणीच्या पाकिटावर 'मेड विथ पॅशन' छापा. दाणे खरपूस भाजून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटले, तर या ओळीची गरज पडत नाही. मिक्सरमध्ये गरगर फिरवून कोरडा भुगा केला असेल, तर मात्र ती लागतेच. फक्त घटकांच्या यादीत पॅशन घालू नका, गिऱ्हाईक चटणीत पॅशन फ्रूट शोधेल. (ते फळ आपल्या कृष्णकमळाच्याच कुळातलं. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या धर्मप्रसारकांना त्या फुलात येशूचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले, त्यावरून हे नाव. आपल्याला त्यातच शंभर कौरव आणि पाच पांडव दिसले. आपापली भांडणं.)

तर मूळ मामला छळाचा आहे. लॅटिनमध्ये 'पासिओ' म्हणजे सोसणं. दवाखान्यातला 'पेशंट' त्याच धातूतला, शाळेत छळणारा 'पॅसिव्ह व्हॉइस'ही त्यातलाच. येशूच्या आणि पुढे हुतात्म्यांच्या यातनांसाठी हा शब्द वापरायचे. म्हणजे सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून हिंजवडीला मुलाखतीला निघालेल्यांचा शब्द अगदी योग्य गाडीत बसलेला असतो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या ज्या चौघांचं नाव त्या गाडीला आहे, त्यांच्यापुढे बायोडाटातली पॅशन किती भरते, याचा हिशोब कुर्डुवाडी येण्याआधी उरकून घ्यावा. मुलाखतीत मात्र हा जुना अर्थ काढू नका. "म्हणजे सोसायची तयारी आहे ना?" असं विचारतील. हो म्हणालात की पगार ठरला.

जाहिरातीतही तसंच. 'पॅशनेट कँडिडेट्स हवेत' असं असेल, तर खाली पगाराचा आकडा शोधा. बहुतेक तिथं 'ग्रोथ' असते.

आणि तुम्ही स्वतः मालक असाल, तर पॅशन कुणाकडे मागायची याचं तारतम्य ठेवा. काउंटरवर मागा, सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोराकडे तर जरूर मागा, रविवारीही मागा. यंत्रमागावर जाऊन मागू नका. तिथं बारा तास उभा असलेला माणूस नगावर पैसे मोजतो. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की मजुरी थांबते, आणि तो धागा पॅशननं जुळत नाही, गाठच मारावी लागते. खडखडाटात त्याच्या कानाशी जाऊन "कामाची पॅशन ठेव" म्हणालात, तर तो शेजारच्या मागावरच्याला तेलुगूत काहीतरी सांगेल आणि दोघं हसतील. अर्थ विचारायला थांबू नका.