एकशे तेरा म्हणजे पंचेचाळीसच

नागपूरच्या माणसाला ऊन शिकवू नये. हे मी गेल्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या बेकर गावात, भर पेट्रोल पंपावर, चांगल्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं आणि चौथ्या मिनिटाला माझा घोळणा फुटला.

लॉस एंजेलिसहून डेथ व्हॅलीला निघालो होतो. गाडी दादरकर मित्राची, हौसही त्याचीच. निघताना मी त्याच्या ओट्यावरचा कांदा तेवढा खिशात टाकला. उन्हात जाताना खिशात कांदा हवा, ही आईची शिकवण. अमेरिकन कांदा आपल्या तीन कांद्यांएवढा असतो, हे तिला कुठून ठाऊक असणार!

बेकरला जगातला सर्वात उंच थर्मामीटर आहे. १९९१ साली उभारलेला, १३४ फूट. १३४च का? तर १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदलं गेलं. जितके अंश तितके फूट. आपल्याकडे साहेबांचं वय जितकं तितक्या किलोचा केक कापतात, तसलाच प्रकार. त्या दिवशी खांबावर ११३चा दिवा लागला होता.

पंपाच्या सावलीत एक आजोबा घडीची खुर्ची टाकून बसले होते. शेजारी कुत्रा, त्याच्या चारही पायांत लाल बूट. डांबर तापतं ना! हातात पाण्याचा फवारा. एकदा स्वतःच्या तोंडावर, एकदा कुत्र्याच्या.

"कुठले तुम्ही?"

"इंडिया."

"अरेरे, मग तुम्हाला हे जड जाईल. तुमच्याकडे सगळं दमट. ही ड्राय हीट आहे."

दमट! बाप्पा, नागपूर अन् दमट? दादरकर गाडीत बसून हसत होता. दमट असायला त्याचं काय जातं, त्याचं गावच घामात वसलेलं.

"एकशे तेरा म्हणजे आमचे पंचेचाळीस," मी म्हणालो. "पंचेचाळीसला आमच्याकडे लग्नं लागतात. भर दुपारी. नवरदेव सुटाबुटात घोड्यावर, अन् वरात बँडसमोर नाचत असते."

आजोबांनी विचार केला. "घोड्याला बूट असतात?"

"नाल असते."

"लोखंडाची? या उन्हात?" त्यांनी कुत्र्याकडे असं पाहिलं, की ते दोघं मिळून माझ्यावर खटला भरणार.

मग मी कूलरचा विषय काढला. हवा कोरडी असते म्हणून तर आमच्याकडे कूलर चालतो, दमट हवेत त्याचा काय उपयोग? मार्चमध्ये तो माळ्यावरून उतरवायचा, जुनी खस फेकायची, नवी भरायची, पंप चालत नाही म्हणून शेजाऱ्याला हाक मारायची. आजोबा म्हणाले, "हां, स्वॅम्प कूलर! माझ्याकडेही होता." वाळवंटातले लोक त्याला दलदलीचा कूलर म्हणतात, अन् शेतीवाडीतले आम्ही डेझर्ट कूलर. यावर मी खूप काही बोलणार होतो, पण वरचा ओठ ओला लागला.

मी मान मागे टाकली. आजोबा ओरडले, "पुढे वाक! नाक चिमटीत धर!" लहानपणापासून मान मागेच टाकत आलोय, डोक्यावर पाणी ओतत आलोय. पण डॉक्टरही पुढेच वाका म्हणतात, आणि तो माणूस बरोबर होता याचा राग अजून गेलेला नाही. एका हाताने नाक धरलं, दुसऱ्या हाताने सवयीने कांदा काढला आणि हुंगायला नेला.

"तो कांदा आहे?"

"औषध आहे."

आजोबा खुर्चीतून ताडकन उठले. क्षणभर वाटलं, मला धरायला उठले. त्यांनी कुत्र्याला उचलून पोटाशी धरलं. "लांब ठेव तो! कुत्र्यांना विषारी असतो!" मग लांबूनच फवारा माझ्या तोंडावर मारला. कुत्र्याचाच फवारा. "सांगितलं होतं ना, ड्राय हीट."

आता खरं सांगतो. नाकाचं काही नाही, ते दहा मिनिटांत थांबलं. पण यांच्या ५६.७वर काही अभ्यासक आजही शंका घेतात, तरी त्याचा खांब उभा आहे, खाली लोक फोटो काढतात. अन् मे २०२४ मध्ये आमच्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले, तर लगेच खात्याचा खुलासा की सेन्सर बिघडलाय. असेलही बिघडलेला. पण आमच्या उन्हाचा एक खांब नाही, एक फूटभराचा दगड नाही. उन्हाळा आला की सूचना तेवढ्या येतात: दुपारी बाहेर पडू नका. मग डांबर टाकायला कोण जातं, विटा कोण उचलतं?

दादरकरानं सगळं फोनमध्ये टिपलं होतं. मी, नाक, कांदा, मागे लाल बुटातला कुत्रा. त्याच रात्री शाळेच्या ग्रुपवर गेलं. मी तातडीनं ५६ अंशांची जुनी बातमी टाकली. खाली त्याचं उत्तर आलं, "भाऊ, सेन्सर तुझाच बिघडलाय."

सत्तावीस जणांनी अंगठा दिला. त्यात माझी बायको पण आहे.