शनिवारी ३० सेंटिमीटर

आमच्या विणकामाच्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक ज्याने आखले, त्याने आयुष्यात एकदाही मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवलेला नसावा. सोमवारी नक्षी मंजूर करून घ्यायची आणि शनिवारी विणलेला नमुना टेबलावर ठेवायचा, असा नियम आहे. जणू सुताला रंगायला, वाळायला आणि ताणून घ्यायला वेळ लागतच नाही!

साधा हिशेब मांडते. कापडाची रुंदी ६० सेंटिमीटर आणि सेंटिमीटरला १० धागे, म्हणजे ताण्याचे ६०० धागे. प्रत्येक धागा आधी हेडलच्या, म्हणजे धागा वर-खाली करणाऱ्या दोरीच्या, डोळ्यातून आणि मग धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या फणीच्या घरातून ओवायचा, म्हणजे १२०० ओवण्या; एका ओवणीला २० सेकंद धरले तरी ६ तास ४० मिनिटे होतात, आणि त्यात पाठीला कळ लागून उठणे मोजलेले नाही. त्याआधी सूत उकळून स्वच्छ करायचे, रंग पक्का धरणारी तुरटी सुती धाग्यावर नीट बसत नाही म्हणून आधी टॅनिनच्या, म्हणजे झाडांतल्या तुरट द्रव्याच्या, पाण्यात भिजवायचे, मग तुरटी, मग लाल रंग देणारी मंजिष्ठेची मुळी. मंजिष्ठेचे पाणी जरा जास्त तापले की लाल रंग तपकिरीकडे झुकतो, त्यामुळे पातेल्यापासून हलता येत नाही. मंगळवार आणि बुधवार असे संपले.

गुरुवारी रात्री लक्षात आले की फणीच्या एका घरात दोन धागे गेले आहेत. चूक २१२ व्या धाग्यावर होती. जवळच्या कडेचे २११ धागे काढून एकेक घर सरकवून पुन्हा ओवले की भागणार होते, दुसऱ्या बाजूचे ३८८ वाचले. याला मी आता सुदैव म्हणू लागले आहे.

शनिवारी परीक्षकांनी जेमतेम दोन मिनिटे नमुना उलटसुलट केला आणि विचारले, "आठवड्याभरात एवढेच?" विणकाम म्हणजे हाताला चाळा, ही समजूत जुनीच आहे. जर्मनीतील बाउहाउससारख्या नव्या विचारांच्या म्हणवणाऱ्या कला-संस्थेतही १९२०च्या दशकात मुलींना बहुतेककरून विणकामाच्याच कार्यशाळेकडे वळवले जात असे. पुढे विणकामासाठीच नावाजलेल्या ॲनी आल्बर्स यांनाही तिथे खरे तर काचकाम करायचे होते. पण त्या कार्यशाळेत निदान माग म्हणजे काय हे जाणणारी माणसे होती. आमच्याकडे ३० सेंटिमीटर कापड पट्टीने मोजतात आणि त्यामागचे दिवस कोणत्याच रकान्यात मांडत नाहीत.

सर्वांत जास्त संताप येतो तो त्यानंतरच्या नियमाचा. एका मागावर आम्ही तिघी आहोत, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माग रिकामा करून द्यावा लागतो. मी दोन मीटर ताणा चढवला होता. फणीतून नीट ओवलेला, सारख्या ताणाचा, मंजिष्ठेने हवा तसा लाल झालेला दीड मीटरहून अधिक ताणा मी स्वतःच्या हाताने कात्रीने कापला, कारण सोमवारी नवी नक्षी मंजूर करून घ्यायची होती.