अटकेची कारणे वेगळी, अटकेचा आधार वेगळा

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दुपारच्या रिमांडच्या वेळी मी माझ्या प्रकरणाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसलो होतो. समोर सोनसाखळी चोरीच्या गुन्ह्यातला जेमतेम बाविशीचा मुलगा उभा होता आणि त्याच्या वकिलांनी न्यायाधीशांच्या हाती दिलेल्या ‘अटकेच्या आधारा’च्या, म्हणजे कशावरून पकडले ते सांगणाऱ्या पोलिसांच्या कागदावर आरोपीचे वय 52 लिहिलेले होते. दुसऱ्या परिच्छेदात तर घरफोडीचा, कडीकोयंडा तोडल्याचा मजकूर होता. जुन्या गुन्ह्याची फाइल संगणकावर उघडून नाव तेवढे बदललेले होते, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. अटक बेकायदा ठरली आणि मुलगा सुटला. दुरुस्त कागद घेऊन पोलिसांनी पुन्हा कोठडी मागितली खरी, पण मधले पाच दिवस हातचे गेले. त्या पाच दिवसांत पोत कोणत्या मुशीत वितळली असेल, ते मुशीलाच ठाऊक.

अशा वेळी बाहेरच्या व्हरांड्यात ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘न्यायालयेच पोलिसांचे हात बांधतात.’ बावीस वर्षे फौजदारी बाजूला वकिली करतो आहे, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, हे वाक्य मला पटत नाही.

मूळ नियम नवा नाही. अटक झालेल्या माणसाला अटकेचा आधार शक्य तितक्या लवकर कळवला पाहिजे, हे संविधानाच्या अनुच्छेद 22(1) मध्ये पहिल्यापासून आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 मध्ये ते होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 47 मध्येही आहे. प्रत्यक्षात मात्र ‘तोंडी समज दिली’ अशी एक ओळ स्टेशन डायरीत पडली, की काम भागत असे. सर्वोच्च न्यायालयाने ही वाट टप्प्याटप्प्याने बंद केली. 7 फेब्रुवारी 2025 च्या विहान कुमार प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितले, की आधार कळवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवरच आहे. त्या प्रकरणातल्या आरोपीला रुग्णालयात बेड्या घालून खाटेला साखळीने बांधले होते, त्यावरही न्यायालयाने कडक शब्द वापरले. पुढे 6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहीर शहा प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला : आधार लेखी हवा, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवा आणि तो लगेच देणे शक्य नसेल, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हाती पडला पाहिजे. हे प्रकरण मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघाताचे होते आणि ओक आणि गवई हे दोन्ही न्यायमूर्ती मराठी मुलखातले. आपल्या ठाण्यांमधले कामकाज त्यांना केवळ ऐकीव माहीत होते, असे म्हणता येणार नाही.

खरी गोम कारणे आणि आधार या दोन शब्दांत आहे. पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल, ही झाली अटकेची कारणे. ती कोणत्याही आरोपीला चिकटतात, म्हणून छापील नमुन्यात बसतात. आधार मात्र त्या एका माणसाचा असतो : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तू हे केलेस असा संशय आहे आणि तो या पुराव्यावरून. हे लिहायचे तर फिर्याद वाचावी लागते. रात्री दोन वाजता अटक झाल्यावर हे वाचून लिहिणार कोण? तपासी अधिकाऱ्याचा रायटर, म्हणजे त्याची लिखापढी करणारा पोलीस. त्याच्याकडे आधीच पंचनामे, जबाब, वैद्यकीय तपासणीची पत्रे आणि बंदोबस्ताची हजेरी असते. त्याने जुना मजकूर चिकटवला, याचे मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते, की सही करणाऱ्या साहेबांनीही तो वाचलेला नसतो.

भाषेचा मुद्दा तर नाशिकमध्ये अधिकच बोचरा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा बिहारचा कामगार असो की सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेला, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा तरुण असो, दोघांचाही अंगठा त्याच कचेरी मराठीतल्या कागदाखाली उमटतो.

2025 च्या ऑक्टोबरात पकडलेल्या लोकांच्या तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य वदवून घेतलेल्या चित्रफिती साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या. गुंडगिरीला कंटाळलेल्या नाशिककरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा राग मला समजतो. पण रिमांडच्या अर्जाला चित्रफीत जोडत नाहीत. उलट ज्या गुन्ह्यात साक्षीदाराकडून ओळख परेड घ्यायची आहे, तिथे आरोपीचा चेहरा आधीच मोबाइलवर फिरला असेल, तर त्या परेडीत बचावाचा वकील काय उरू देईल? मीही सोडणार नाही.

त्र्यंबक रस्त्यावर राज्याची पोलीस अकादमी आहे. उद्याचे उपनिरीक्षक जिथे घडतात त्या गावात तरी आधार लिहिण्याचा सराव फिर्यादी समोर ठेवून, वेळ लावून करून घेता यावा, तोही सिंहस्थाचा बंदोबस्त अंगावर येण्याआधी. त्यासाठी लागतो तो एक तास आणि लाल शाईचे पेन.

त्या दिवशी न्यायालयातून निघताना एक ओळखीचे हवालदार पार्किंगमध्ये भेटले. म्हणाले, “वकीलसाहेब, चुका तुम्हीच काढता, मग बिनचूक नमुनाही तुम्हीच द्या की.” मी होकार दिला आहे. एकच अट घातली, की माझ्या अशिलांच्या गुन्ह्यात तो वापरायचा नाही. ते हसले, आणि मग म्हणाले की ती अट लेखी द्या.