ब्राइटलिंगच्या पिरॅमिडमध्ये कोणी जेवायला बसलेलं नाही

इंग्लंडच्या ससेक्समधल्या ब्राइटलिंग गावी चर्चच्या आवारात, साध्या थडग्यांच्या मधोमध, सुमारे २५ फूट उंचीचा दगडी पिरॅमिड आहे. जॉन फुलर या जमीनदाराची ही कबर. तिच्या फोटोसोबत एक गोष्ट कायम फिरते: आत 'मॅड जॅक' म्हणजे 'वेडा जॅक' (फुलरचं टोपणनाव) टॉप हॅट घालून टेबलाशी बसलाय, समोर भाजलेली कोंबडी आणि वाइनची बाटली, आणि सैतान आलाच तर त्याचे पाय कापावेत म्हणून फरशीवर काचांचा सडा.

हे खोटं आहे. १९८२ साली डागडुजीच्या वेळी पिरॅमिड उघडला, तेव्हा टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. फुलरला चारचौघांसारखंच जमिनीखाली पुरलेलं होतं. तो तिथे बसलेलाच नाही म्हटल्यावर त्याच्या राखणीच्या काचांची गोष्ट कशावर उभी राहणार? आत खरोखर काय आहे, तर भिंतीवर कोरलेलं एका शोककवितेचं कडवं: सत्ता असो, संपत्ती असो, शेवट थडग्यातच.

'पिरॅमिड बांधला म्हणजे वेडाच' हेही पटत नाही. पिरॅमिड १८११ चा, फुलरच्या मृत्यूच्या २३ वर्षं आधीचा. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर युरोपात इजिप्तची हवाच होती. शिवाय इंग्लंडमधल्याच पेन्सविक गावी चर्चच्या आवारात १७८७ साली वारलेल्या जॉन ब्रायन या पाथरवटाची कबरही पिरॅमिडच आहे. त्याला कोणी वेडा म्हणत नाही.

मला खरा राग येतो तो फुलरच्या 'गमत्या, निरुपद्रवी म्हातारा' या वर्णनाचा. फुलरने बोडियमचा पडका किल्ला विकत घेऊन वाचवला, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेला पैसा दिला. त्याच्या नावाच्या रसायनशास्त्राच्या अध्यासनावर १८३३ मध्ये पहिला प्राध्यापक म्हणून शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे बसला. हे सगळं खरं. पण घरात पैसा आला होता तो ससेक्सच्या लोखंडातून आणि जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून. विशीत काकाकडून वारशाने मिळालेल्या त्या मळ्यांत गुलाम राबत होते. खासदार झाल्यावर फुलरने संसदेत गुलामगिरीची उघड बाजू घेतली. कोंबडी आणि बाटलीच्या गोष्टीत त्या मळ्यांतल्या माणसांना जागाच नाही, आणि गोष्ट पुढे पाठवताना आपणही त्यांना वगळत राहतो.

फुलर ११ एप्रिल १८३४ ला वारला. गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला १ ऑगस्टला.