“श्वास रोखा आणि सोसा” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

स्त्रीरोगतज्ज्ञ योनीमार्गातून आतली तपासणी करतात, तिच्याबद्दलचा एक मेसेज आमच्या भिशीच्या ग्रुपवर परवा पुन्हा आला. “आतली तपासणी दुखतेच, श्वास रोखून सोसा. डॉक्टरांना मध्येच थांबवू नका. बाळंतपण झालेल्या बाईने घाबरू नये. लग्नाआधी मुलीला तपासायला नेऊ नका. त्रास नसेल तर जाऊच नका.” खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. या मेसेजमुळे बायका दवाखान्यापासून लांब राहतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दुखतेच? थोडा दाब, थोडं अवघडलेपण बहुतेकींना जाणवतं. पण श्वास रोखला की पोट, मांड्या आणि योनीभोवतीचे स्नायू आवळतात, आणि आवळलेल्या जागेत स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, घातलं तर दुखणारच. श्वास सावकाश सोडत राहायचा, कंबर टेबलावर सैल टाकायची. स्पेक्युलम लहान मापातही मिळतं. ते कोमट पाण्याने ओलं करता येतं, जेल लावता येतं. हवं तर ते मला माझ्या हाताने आत सरकवू द्या, असंही सांगता येतं. पाय रिकिबीत, म्हणजे टेबलाला लावलेल्या पायांच्या आधारात, अडकवायलाच हवेत असंही नाही. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, रिकिबीशिवाय तपासलेल्या बायकांना त्रास कमी झाला आणि असहायही कमी वाटलं.

एवढं करूनही कळ आली, तर ती सांगायलाच हवी. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा किंवा स्नायू आपोआप आवळण्याचा व्हजायनिस्मस, यांची ती खूण असू शकते. दात-ओठ खाऊन गप्प पडलेल्या बाईची ही खूण डॉक्टरांना कळणार कशी?

थांबवू नका, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. माझी पहिली तपासणी सत्ताविसाव्या वर्षी झाली. पडदा अर्धा उघडा, काय करणार ते कुणी सांगितलं नाही, आणि मी आखडले तशी “लग्न झालंय ना, मग कसली भीती?” असं ऐकवलं गेलं. त्यानंतर अंगावरून पांढरं जात असतानाही मी कित्येक वर्षं दुखणं अंगावर काढलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत माहिती देऊन घेतलेली संमती आणि खासगीपणा हे रुग्णाचे हक्क आहेत. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असावी, हेही त्यात आहे. संमती मध्येच मागे घेता येते. “मी हात वर केला की थांबा” एवढं कपडे सैल करण्याआधीच सांगून ठेवावं.

बाळंतपणाचा मुद्दा थोडक्यात. अवघड बाळंतपण झालेल्या, किंवा कुणी जबरदस्ती केलेल्या बाईला त्या टेबलावर तेच सगळं आठवू शकतं. तिची भीती उलट जास्त असू शकते.

लग्नाआधी नको, यामागे कौमार्याची काळजी आहे. योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यावरून, म्हणजे योनिपटलावरून, शरीरसंबंध आले की नाही हे ठरवता येत नाही. कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय पाळीच्या तक्रारीसाठी मुलीची आतून तपासणी बहुतेक वेळा लागतच नाही. आधी बोलणं, मग गरज असेल तर पोटावरून सोनोग्राफी. तेही टाळायचं म्हणजे पाळीत गडाबडा लोळणाऱ्या मुलीला तसंच ठेवायचं.

आता शेवटचं, त्रास नसेल तर जाऊ नका. त्रास नसलेल्या बाईची दरवर्षी उगाच आतून तपासणी करावी, असं मीही म्हणत नाही. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, लावून हजारो बायकांची तपासणी केली. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ही तपासणी करावी, अशी सरकारी मार्गदर्शक सूचना आहे. टेबलाचीच धास्ती असेल, तर एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, याच्या चाचणीसाठी मऊ काडीने स्वतःच नमुना घेण्याची पद्धतही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे. त्यात स्पेक्युलम लागत नाही. तुमच्या दवाखान्यात ती सोय आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा.